फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी : फायली वाचतात, सेटिंग्ज जातात

बेळगाव : विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून दुकानं, पतसंस्था, कर सल्लागारांची ऑफिसं आणि डीटीपी सेंटरांतले जुने संगणक एकेक करून दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर जात आहेत. कुणी विंडोज ११ घालून घेतं, कुणी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतं, तर कुणी ‘फार स्लो झालाय’ म्हणून आहे तेच विंडोज पुन्हा टाकून घेतं. दुरुस्तीवाला एकच प्रश्न विचारतो, ‘डेटा कुठं आहे?’ मालक सांगतो, ‘सगळं डी ड्राइव्हला आहे, मारा फॉरमॅट.’

संध्याकाळी संगणक परत येतो. फोटो, एक्सेल शीट, पत्रं, सगळं जागेवर असतं. अडचण येते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. टॅली उघडतं, पण लायसन्स मागतं. बिलाचा तो ठरावीक नमुना दिसत नाही. प्रिंटर कार्डाचा आकार ओळखत नाही. मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन केलेला कागद संगणकात येत नाही. बँकेच्या पोर्टलचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही, कारण गेली पाच वर्षं तो ब्राउझरच आपोआप भरत होता.

यातलं काहीही ‘डेटा’ या शब्दात बसत नाही, म्हणून त्याची विचारपूस होत नाही. या सेटिंग्ज काम करता करता हळूहळू जमलेल्या असतात. त्या कुठं असतात आणि फॉरमॅटआधी कशा काढून ठेवायच्या, याची ही माहिती.

फॉरमॅट खरंच हवं आहे का?

‘विंडोज नवीन टाकणं’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात आणि तिन्हींचा परिणाम वेगळा असतो.

पहिलं काम म्हणजे अपग्रेड. चालू विंडोज १० वरच विंडोज ११ चढवलं, तर फायली, सॉफ्टवेअर आणि बहुतेक सेटिंग्ज जशाच्या तशा राहतात. मात्र त्यासाठी संगणक पात्र असावा लागतो. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा ही मायक्रोसॉफ्टची अट आहे. साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर या यादीत बसत नाहीत.

दुसरं काम म्हणजे रीसेट. यात ‘कीप माय फाइल्स’ असा पर्याय असतो आणि तो वाचून अनेकांना हायसं वाटतं. पण यात फक्त वैयक्तिक फायली राहतात. बाहेरून बसवलेली सॉफ्टवेअर आणि बदललेल्या सेटिंग्ज निघून जातात.

तिसरं म्हणजे क्लीन इन्स्टॉल, बोलीभाषेत ‘फॉरमॅट मारणं’. यात निदान सी ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. घाईत सगळीच पार्टिशन काढली गेली, तर डी ड्राइव्हही जातो. सी आणि डी हे बहुतेक संगणकांत एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून डी ड्राइव्हला ठेवलेली प्रत ही बॅकअप नव्हे.

पात्र नसलेल्या संगणकालाही लगेच फॉरमॅट लागतंच असं नाही. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी ठेवली असून तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तेवढ्यात नवा संगणक घ्यायचा असेल, तर जुना आहे तसा चालवून नव्यावर एकेक काम हलवणं हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

सेटिंग्ज राहतात कुठं?

आपण फाइल सेव्ह करताना जागा निवडतो. सॉफ्टवेअर मात्र स्वतःच्या सेटिंग्ज न विचारता ठेवतं आणि त्या जवळजवळ नेहमी सी ड्राइव्हमध्ये असतात. मुख्य जागा तीन.

एक, ‘युझर्स’मधल्या आपल्या नावाच्या फोल्डरात असलेला ‘अ‍ॅपडेटा’ हा फोल्डर. ब्राउझर, वर्ड, आउटलुक, कोरल ड्रॉ अशांच्या वैयक्तिक आवडीनिवडी इथं असतात. हा फोल्डर लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक केल्याशिवाय तो दिसत नाही. कॉपी करताना नेमका हाच सुटतो.

दोन, ‘प्रोग्रॅमडेटा’. हाही लपवलेलाच. संगणकावरच्या सर्व युझरना लागू असलेल्या गोष्टी इथं असतात.

तीन, रजिस्ट्री. ही विंडोजची स्वतःची नोंदवही. बसवलेलं सॉफ्टवेअर, त्याची नोंदणी, प्रिंटर, ड्रायव्हर यांच्या नोंदी यात असतात. त्यामुळेच एखाद्या सॉफ्टवेअरचा फोल्डर उचलून नव्या विंडोजवर ठेवला, तरी बरेचदा ते चालत नाही. फोल्डर आला, पण नोंदवहीत त्याचं नावच नाही.

यातून एक साधा नियम निघतो. सॉफ्टवेअर पुन्हा नव्यानेच बसवायचं, सेटिंग्ज मात्र त्या त्या सॉफ्टवेअरच्या ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ सोयीने काढून ठेवायच्या. ती सोय नसेल तर अ‍ॅपडेटामधला त्या सॉफ्टवेअरचा फोल्डर कॉपी करून ठेवायचा. आणि काहीच जमत नसेल तर सेटिंगच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा. हा उपाय गावठी वाटेल, पण प्रिंटर आणि नेटवर्कच्या बाबतीत तोच सर्वांत उपयोगी पडतो.

विंडोजमध्ये ‘विंडोज बॅकअप’ नावाचं अ‍ॅप आहे. ते मायक्रोसॉफ्ट खात्यात काही सेटिंग्ज, वायफायचे पासवर्ड आणि अ‍ॅपची यादी ठेवतं. मोफत जागा ५ जीबी. ते जरूर चालू करावं, पण टॅली किंवा श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या आतल्या सेटिंग्ज त्यात येतील अशी अपेक्षा ठेवू नये.

सीमाभागातली खास अडचण : फॉन्ट

खडेबाजार, शहापूर किंवा निपाणी-खानापुरातलं कोणतंही जुनं डीटीपी सेंटर घ्या. एकाच संगणकावर मराठीसाठी श्रीलिपी किंवा आयएसएम, कन्नडसाठी नुडी किंवा बरह, आणि शेजारी युनिकोड असा संसार असतो. लग्नपत्रिका दोन भाषांत, पावती पुस्तक दोन भाषांत.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांची सांकेतिक चिन्हं आणि त्यांना मराठीचं रूप देतो तो फॉन्ट. तोच फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. दुसरा मराठी फॉन्ट लावून भागत नाही, कारण प्रत्येक कंपनीची चिन्हांची मांडणी वेगळी असते.

इथं प्रश्न फक्त एका दुकानाचा राहत नाही. मंडळांच्या जुन्या स्मरणिका, वाचनालयांच्या पुस्तकयाद्या, शाळांची गौरव अंकांची पानं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल अशा कितीतरी गोष्टींची संगणकावरची एकमेव प्रत ज्यानं छापली त्या सेंटरच्या हार्ड डिस्कवरच असते. तिथला फॉन्ट गेला तर तो मजकूर पुन्हा टाइप करण्याशिवाय गत्यंतर राहत नाही.

म्हणून फॉन्टच्या बाबतीत चार गोष्टी कराव्यात.

पहिली, फॉन्ट दोन ठिकाणी शोधावेत. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात तर असतातच, पण २०१८ च्या अखेरच्या अपडेटनंतर विंडोज १० मध्ये एकट्या युझरपुरते बसवलेले फॉन्ट अ‍ॅपडेटाच्या आत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेने वेगळे ठेवले जातात. फक्त पहिला फोल्डर कॉपी केला तर अलीकडे बसवलेले फॉन्ट राहून जातात.

दुसरी, टायपिंग सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा सेटअप फाइल, सिरियल नंबर आणि यूएसबी लॉक असेल तर तो लॉक, हे सगळं हाताशी आहे का ते आधी पाहावं. गुगलचं विंडोजवर इंटरनेटविना चालणारं इनपुट टूल आता गुगलकडून डाउनलोडला मिळत नाही. ज्यांच्याकडे त्याची जुनी सेटअप फाइल आहे, त्यांनी ती जपून ठेवावी. नसेल तर विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी आणि कन्नड दोन्हींसाठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलेला आहे, तो चालू करता येतो.

तिसरी, कीबोर्डची मांडणी लिहून ठेवावी. टायपिस्टचा हात इनस्क्रिप्टवर बसलाय, टाइपरायटर पद्धतीवर की फोनेटिकवर, हे दुरुस्तीवाल्याला ठाऊक नसतं. चुकीची मांडणी आली तर टायपिस्टचा अख्खा दिवस जातो.

चौथी, महत्त्वाच्या जुन्या कामांची पीडीएफ आत्ताच, फॉन्ट जागेवर असताना काढून ठेवावी. फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत झाला की कोणत्याही संगणकावर पान नीट दिसतं. त्यातून मजकूर कॉपी केला तर पुन्हा खिचडीच येते, पण वाचायला आणि छापायला तरी पान उरतं. जिथं जमेल तिथं मजकूर युनिकोडमध्ये बदलून वेगळा ठेवणं हा कायमचा इलाज.

टॅली : डेटा, नमुने आणि लायसन्स

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. संगणक फॉरमॅट झाला हे कारण तिथं चालत नाही.

टॅलीतून बॅकअप काढताना प्रत्येक कंपनी आणि प्रत्येक जुनं वर्ष निवडलंय का ते पाहावं. चालू वर्षाचा बॅकअप घेऊन आधीची वर्षं विसरणं, हे सर्रास होतं. शिवाय टॅली बंद करून अख्खा डेटा फोल्डर वेगळा कॉपी करावा. बॅकअप फाइल उघडली नाही तर हा फोल्डर उपयोगी येतो.

बिलाचा खास नमुना, वेगळा रिपोर्ट असं काही करून घेतलं असेल तर ते डेटा फोल्डरात नसतं. त्याच्या स्वतंत्र टीडीएल फायली असतात. त्या कुठं आहेत हे टॅलीच्या टीडीएल यादीत दिसतं. त्या फायली आणि टॅलीच्या फोल्डरातली ‘टॅली डॉट आयएनआय’ ही सेटिंगची फाइल सोबत घ्यावी.

लायसन्सचं काम सर्वांत आधी तपासावं. फॉरमॅटपूर्वी टॅलीतून लायसन्स ‘सरेंडर’ करायचं आणि नंतर पुन्हा चालू करायचं, ही योग्य पद्धत. त्यासाठी नोंदणीचा ईमेल आणि पासवर्ड लागतो. अनेक दुकानांत तो ईमेल चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असतो. फॉरमॅटनंतर हे लक्षात आलं तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालतं आणि त्यात महिन्याच्या मोजक्याच तारखांच्या नोंदी करता येतात. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरणाऱ्यांनी म्हणूनच ९ किंवा १८ तारखेला फॉरमॅट काढू नये.

वर्ड, आउटलुक आणि ब्राउझर

वर्डमध्ये वर्षानुवर्षं शिकवलेले शब्द, आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या, लेटरहेडचे साचे अ‍ॅपडेटामधल्या ‘रोमिंग’च्या आत मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात असतात. ‘टेम्प्लेट्स’, ‘यूप्रूफ’, ‘ऑफिस’ आणि ‘सिग्नेचर्स’ हे चार उपफोल्डर उचलले की बहुतेक काम होतं.

आउटलुकमधला जुना पत्रव्यवहार पीएसटी फाइलमध्ये असतो. आउटलुक बंद केल्याशिवाय ती नीट कॉपी होत नाही. ती ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर एफएटी३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर मावत नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असो. असा पेन ड्राइव्ह आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावा लागतो.

ब्राउझरचा फोल्डर कॉपी केला की पासवर्ड येतात, हा गैरसमज आहे. क्रोममधले पासवर्ड त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद असतात. विंडोज नवं झालं की जुनी किल्ली राहत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे गुगल खात्यात साइन इन करून सिंक पूर्ण झालंय का पाहणं. दुसरा मार्ग पासवर्ड फाइलमध्ये एक्स्पोर्ट करण्याचा. पण ती फाइल साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतं. दुरुस्तीवाल्याच्या पेन ड्राइव्हवर ती जाता कामा नये. काम झालं की ती लगेच पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामी करावी.

ऑफिसचं लायसन्स कोणत्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे, तेही आत्ताच पाहून ठेवावं. खऱ्या विंडोजचं डिजिटल लायसन्स बहुधा मदरबोर्डशी जोडलेलं असतं, त्यामुळे त्याच संगणकावर तीच आवृत्ती टाकली की ते आपोआप चालू होतं.

प्रिंटर, नेटवर्क आणि संगणकाचं नाव

नवं विंडोज संगणकाला ‘डेस्कटॉप’ आणि पुढे काही आकडे-अक्षरं असं नाव स्वतःच देतं. जुनं नाव वेगळं असेल तर शेजारच्या संगणकावरचं टॅली डेटा शोधत राहतं आणि झेरॉक्स मशीनचं स्कॅन कुठंच पोचत नाही. फॉरमॅटआधी संगणकाचं नाव, आयपी अ‍ॅड्रेस, शेअर केलेल्या फोल्डरांची नावं आणि युझरचं नाव लिहून ठेवावं आणि नंतर तेच द्यावं. अर्धी नेटवर्कची तक्रार इथंच मिटते.

प्रिंटरचं मॉडेल, तो यूएसबीवर आहे की नेटवर्कवर, आणि बनवून ठेवलेले कागदाचे आकार यांचे फोटो काढावेत. पावतीचा डॉट मॅट्रिक्स किंवा पत्रिकेचं कार्ड, यांची मापं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

डिजिटल सही आणि लॉक झालेली डिस्क

डिजिटल सहीचं प्रमाणपत्र यूएसबी टोकनच्या आत असतं, संगणकात नाही. त्यामुळे फॉरमॅटने ते जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं सही करण्याचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. मात्र ते टाकताना ‘इनिशियलाइज टोकन’ हे बटण कुणी दाबलं तर प्रमाणपत्र पुसलं जातं आणि नवं काढावं लागतं. दुरुस्तीच्या वेळी टोकन मालकाच्या खिशात असलेलंच बरं.

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बिटलॉकर पद्धतीने कुलूपबंद असू शकते. अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. संगणक चालू आहे तोवरच ती लिहून घ्यावी.

प्रत कुठं ठेवायची, कशी तपासायची?

किमान दोन प्रती हव्यात. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या संगणकावर किंवा क्लाउडवर. कॉपीला वेळ लागतो. यूएसबी २.० वरून १०० जीबी हलवायला साधारण तासभर जातो, म्हणून दुकान बंद करायच्या वेळी घाईत हे काम सुरू करू नये. वनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह आहे ती फाइल संगणकात नसते, तिचं फक्त नाव असतं.

हिशेबात ट्रायल बॅलन्स जुळल्याशिवाय ताळेबंद करत नाहीत, तसंच इथं. प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून शेवटचं व्हाउचर आणि रोख शिल्लक मूळ संगणकाशी ताडावी. दोन जुन्या मराठी फायली फॉन्टसह उघडून वाचाव्यात. पीएसटी उघडते का ते पाहावं. हे जुळल्यावरच फॉरमॅटला होकार द्यावा.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणाऱ्यांचं काम आणखी सोपं आहे. जुनी डिस्क पुसू न देता, तशीच पिशवीत घालून मागून घ्यायची. तिच्याइतका पूर्ण बॅकअप दुसरा नाही.

विंडोज बसल्यावर क्रम असा ठेवावा : आधी ड्रायव्हर आणि अपडेट, मग संगणकाचं नाव आणि नेटवर्क, मग फॉन्ट, मग सॉफ्टवेअर, आणि शेवटी एकेका सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज. जुना अ‍ॅपडेटा फोल्डर सरसकट नव्यावर ओतू नये. त्यानं जुना कचराही परत येतो आणि नवं विंडोज अडखळायला लागतं. जे हवं तेवढंच उचलावं.

फॉरमॅट करताना सी ड्राइव्ह पुसला गेला नसेल तर जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरात सापडू शकतं. पण विंडोज तो फोल्डर साधारण दहा दिवसांत स्वतःहून काढून टाकतं. काही राहिलंय असं वाटलं तर लगेच पाहावं.

काढलेली प्रत निदान दोन महिने तरी पुसू नये. एखादं सॉफ्टवेअर महिन्यातून एकदाच उघडलं जातं, एखादा फॉन्ट फक्त गणेशोत्सवाच्या पावत्यांना लागतो, एखादा रिपोर्ट ऑडिटरच मागतो. तो दिवस येऊन गेला आणि काम अडलं नाही, म्हणजे बॅकअप पूर्ण होता असं समजायचं.